सिन्नर ते नाशिक, आठवड्यातून दोनदा: नातवाच्या फिजिओथेरपीचा अडीच वर्षांचा अनुभव

मी सिन्नरची. चौतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, २०२३ साली निवृत्त झाले. त्याच वर्षीच्या जूनपासून नातवाला, सोहमला, घेऊन नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरजवळच्या या फिजिओथेरपी सेंटरला येते. मुलगा मुसळगाव एमआयडीसीत, सून पतसंस्थेत. त्यामुळे सोहमला आणणं-नेणं माझ्याकडे. बाहेर बाकावर बसलेल्या नव्या आया मला विचारतात, "आजी, इथे फरक पडतो का हो?" तेवढ्यात आतून हाक येते आणि बोलणं अर्धं राहतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

सोहम बत्तिसाव्या आठवड्यात झाला. वजन १,४५० ग्रॅम. सव्वीस दिवस काचेच्या पेटीत होता. घरी आल्यावर अंगावर चांगला प्यायला, वजन भराभर वाढलं, आणि मी निर्धास्त झाले. अंगणवाडीत आयुष्यभर मी वाढीचे तक्ते भरले. मूल हिरव्या पट्ट्यात आहे ना, मग ठीक आहे, ही नजर माझ्यात मुरलेली होती. पण लंगोट बदलताना त्याचे पाय फाकत नसत. काखेत धरून उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत आणि टाचा जमिनीला टेकत नसत. आठ महिन्यांचा झाला तरी अंगठा मुठीच्या आत. दुसऱ्या कुणाच्या बाळात हे दिसलं असतं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येईल त्या दिवशी मी त्याच्या आईला सगळ्यांत पुढे उभं केलं असतं. २०१३ पासून हे पथक वर्षातून दोनदा येतं आणि कितीतरी मुलं मी स्वतः दाखवली आहेत. घरात मात्र मी सुनेला म्हणत राहिले, "याचा बापही उशिराच चालला." लवकर जन्मलेल्या मुलाचं वय मोजताना आधीचे आठवडे वजा करायचे असतात, हेही मला माहीत होतं, आणि त्याचाच आधार घेऊन मी सहा-सात महिने घालवले. ते महिने माझ्यामुळे गेले. हे इथे लिहिते आहे, कारण बाकावर बसलेल्या आज्यांमध्ये मला तेच वाक्य अजून ऐकू येतं.

चौदाव्या महिन्यात एमआरआय झाला आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं: स्पास्टिक डायप्लेजिया. सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत अडचण येण्याचा, हा एक प्रकार. दोन्ही पाय कडक, हात त्या मानाने चांगले. मेंदूला एकदा झालेली इजा पुढे वाढत नाही, पण ती भरूनही येत नाही. मूल वाढतं तसे तिचे परिणाम बदलत जातात.

इथे येण्याआधी चार महिने आम्ही दुसरीकडे जात होतो. तिथे मुलाला आत घेत आणि दार लावून घेत. सून बाहेर बसायची, आतून रडणं ऐकायची. वीस मिनिटं पाय ताणायचे, कधी मशीन लावायचं, मग मूल हातात. घरी काय करायचं विचारलं तर "मालिश करा" एवढंच. चार महिन्यांत सोहम एकच गोष्ट शिकला: पांढरा कोट दिसला की किंचाळायचं.

या सेंटरमधला पहिला दिवस मला लख्ख आठवतो. इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम कोट न घालता खाली मॅटवर बसल्या होत्या. पहिली पंधरा-वीस मिनिटं त्यांनी सोहमला हातही लावला नाही. एक प्लास्टिकची बरणी आणि थोड्या बांगड्या पुढे ठेवल्या आणि तो कसा बसतो, कुठल्या बाजूला कलतो, हात पुढे टाकताना पाय काय करतात ते पाहत राहिल्या. तोवर प्रश्न मला. घराला उंबरा आहे का? हा जेवतो कुठे, मांडीवर की पाटावर? आंघोळ कोण घालतं? संडास भारतीय आहे की कमोड? घरात लोड आहे का? मला वाटलं होतं, त्या पायांबद्दल विचारतील. त्या घराबद्दल विचारत होत्या.

मग सुनेला विचारलं, "ताई, तुम्हाला काय हवंय?" सून म्हणाली, "चालायला हवा." मॅडम म्हणाल्या, "चालून कुठे जायचंय त्याला?" सुनेला काही सुचेना. मीच म्हटलं, संध्याकाळी गल्लीतली पोरं आमच्या ओट्यावर खेळतात, हा खाटेवरून त्यांच्याकडे बघत बसतो. मॅडमनी वहीत लिहिलं: "खाटेपासून ओट्यापर्यंत." घरी गेल्यावर मुलाने पावलं मोजली. मोठ्या माणसाची अकरा.

तेव्हाच त्यांनी हेही सांगितलं, की तो पळेल, उड्या मारेल असा शब्द त्या देणार नाहीत. दोन वर्षांचा झाल्यावर जीएमएफसीएस नावाच्या पाच पातळ्यांच्या मोजपट्टीवर तो तिसऱ्या पातळीवर आहे असं समजावलं: हाताने धरायचं साधन घेऊन घरात, शाळेत चालू शकेल, लांबच्या पल्ल्याला चाकाची खुर्ची लागू शकते. सून त्या दिवशी बसमध्ये मोहदरी घाट संपेपर्यंत रडत होती. मला मात्र त्या दिवशी मॅडमबद्दल खात्री वाटली. आशा लावून पैसे घेणारी माणसं मी या अडीच वर्षांत बरीच पाहिली. एकाने स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचाराचं पत्रक हातात दिलं, खर्च काही लाख. मुलगा कर्ज काढायला निघाला होता. मॅडमनी समजावलं, की सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असल्या गोष्टी मंजूर संशोधनापुरत्याच करता येतात, आणि संशोधनात पेशंटकडून पैसे घेत नाहीत. आमचे पैसे वाचले, आणि सोहमच्या जिवाशी होणारा खेळही टळला.

आता इथे नेमकं काय करतात ते सांगते, कारण इथलं खरं काम त्यातच आहे.

पंचेचाळीस मिनिटांचं सेशन, त्यातला निम्मा वेळ आमच्या हातांचा. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला सोहमच्या मागे गुडघ्यांवर बसवलं. मी सवयीने त्याला काखेत धरलं. त्यांनी माझे हात सोडवून त्याच्या कमरेच्या हाडांवर ठेवले आणि वरून स्वतःचे हात ठेवले. "काखेत धरलंत की तो तुमच्यावर लटकतो. इथे धरा." मग त्यांनी माझा उजवा तळवा किंचित दाबला. सोहमचं वजन डाव्या पायावर गेलं, उजवा पाय हलका झाला. मी लगेच तो पाय पुढे सरकवायला गेले. "थांबा आजी. वाट बघा." मी मनात आकडे मोजत राहिले. चार, पाच, सहा. त्याची बोटं वळली, गुडघा थरथरला. नऊ म्हणेपर्यंत तो पाय चार बोटं पुढे आला. कुणी ओढला नव्हता. त्याने स्वतः टाकला होता. माझ्या तळव्याखाली त्याच्या कमरेचा स्नायू ताठ झालेला मला कळला. इतकी वर्षं पोरं हाताळली, पण वाट बघणारा हात कसा असतो ते मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

दर पंधरा दिवसांनी घरासाठी तीनच गोष्टी देतात. तीनाच्या वर एक नाही. त्या आमच्या मोबाइलवर आमच्याच हाताने करताना व्हिडिओ काढून देतात, वहीत लिहून देतात, आणि पुढच्या वेळी "करून दाखवा" म्हणतात. झालं नसेल तर रागावत नाहीत. का जमलं नाही विचारतात आणि बदलून देतात. सुनेने एकदा खरं सांगितलं की संध्याकाळी घरी आल्यावर वेगळा व्यायाम घ्यायला अंगात त्राण नसतं. तेव्हा त्यांनी व्यायामच काढून टाकला आणि तेच काम कपडे घालण्यात बसवलं. चड्डी घालताना आडवं पाडायचं नाही. खाटेला धरून उभं करायचं, एक पाय, मग दुसरा. दिवसातून चार-पाच वेळा चड्डी बदलते, तेवढ्या वेळा एका पायावर वजन घेणं होतंच. आठवड्यातून दोनदा पाऊण तास तो मॅडमकडे असतो, बाकी सगळे तास घरात. सेंटर कसं आहे हे मी एवढ्याचवर ठरवते: ते तास ही माणसं जमेला धरतात की नाही. ही धरतात.

घरातल्या वस्तू कशा वापरायच्या ते यांनी शिकवलं. सेंटरमध्ये गुंडाळीसारखी मोठी रेक्झिनची उशी आहे, तिच्यावर मुलाला घोड्यासारखं बसवतात. पाय आपोआप फाकून राहतात आणि पाठ सरळ होते. आम्ही बैठकीतला लोड तसाच वापरतो. बसल्याचं उभं राहण्यासाठी आधी दोन पाट एकावर एक, तळवे पूर्ण टेकलेले, समोर लोखंडी कपाट आणि त्यावर लोहचुंबकाची चित्रं. तीन महिन्यांनी एकच पाट. पाट खाली येतो तसं उठणं कठीण होतं, आणि मांड्यांत ताकद येते. सोहमला पाय दोन्ही बाजूंना मागे टाकून, डब्ल्यूसारखं, बसायची सवय होती. आम्ही दिवसभर ओरडायचो. मॅडमनी ओरडणं बंद करायला लावलं आणि दुसरी बसणूक दिली: भिंतीला पाठ, पाय पुढे लांब, नाहीतर छोटा स्टूल. पंगतीत मांडी घालून बसणं हे आमचं दुसरं उद्दिष्ट होतं. ते अजून पुरतं साधलेलं नाही, पाच-सात मिनिटं बसतो.

मालिशबद्दल बोलते, कारण आमच्या वयाच्या बायकांचा सगळा भरवसा त्यावर. मी रोज तेल जिरवून पाय ओढत होते. मॅडमनी मालिश बंद केली नाही. म्हणाल्या, त्याला बरं वाटतं, झोप लागते, जरूर करा. पण तेलाने स्नायूला ताकद येत नाही आणि जोरात ओढलं तर कडक पाय आणखी आवळतो. ताकद येते ती मुलाने स्वतः हालचाल केल्याने. आता मालिश रात्री, सावकाश, आणि त्यात ओढाताण नाही.

सगळं चढत्या क्रमाने झालं असं मुळीच नाही. सोहमचं तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा त्याची उंची एकदम वाढली आणि पाय पुन्हा आवळले. टाचा उचलल्या गेल्या. घरात सगळ्यांनी हात टेकले. मुलगा म्हणाला, एवढे पैसे पाण्यात गेले. मॅडमनी कागदावर काढून दाखवलं: हाड भराभर वाढतं, कडक स्नायू त्याच्या मागे पडतो, म्हणून वाढीच्या काळात असं होतं. त्यांनी स्वतःहून लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पोटऱ्यांत बोटुलिनम टॉक्सिनची, कडक स्नायू सैल करणारी, इंजेक्शनं दिली. त्यांचा परिणाम काही महिनेच टिकतो, तेवढ्या मुदतीत व्यायाम वाढवायचा आणि स्प्लिंट (पायाला आधार देणारे बूट) नीट वापरायचे, हे इंजेक्शनच्या आधीच बजावून सांगितलं होतं. त्या तीन महिन्यांत आम्ही आठवड्यातून तीनदा आलो. टाचा पुन्हा टेकल्या.

आणखी एक गोष्ट, जी मला दुसरीकडे कुणीच सांगितली नव्हती. अशा मुलांचा खुब्याचा गोळा वाटीतून हळूहळू सरकू शकतो आणि सुरुवातीला मुळीच दुखत नाही. म्हणून दुखत नसतानाही ठरावीक काळाने दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढायचा. आमचे आतापर्यंतचे तिन्ही चांगले आले. तुमचं मूल दुसऱ्या सेंटरला जात असलं तरी हे तिथे विचारा.

स्प्लिंट, म्हणजे एएफओ, पावलापासून पोटरीपर्यंतचे प्लास्टिकचे बूट, मापाने करून घ्यावे लागतात आणि मूल वाढलं की बदलावे लागतात. आमचे आठ-दहा महिन्यांनी बदलतात. हा खर्च सेंटरच्या फीच्या वर आहे, तो धरून चाला. नवीन स्प्लिंट घातले की पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने काढून कातडी बघायची. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर परत नेऊन घासून घ्यायचे. आत सुती मोजा, शिवण बाहेरच्या बाजूला. सोहमला एका शिबिरात वॉकर मिळाला होता, तो त्याच्या छातीपर्यंत येत होता. मॅडमनी सोहमला दोन प्रकारचे वॉकर वापरायला देऊन पाहिले आणि मागून ओढायचा, चाकांचा वॉकर निवडला. पुढे ढकलायच्या वॉकरवर तो ओणवा व्हायचा. मागच्यात पाठ सरळ राहते.

आता जे खटकतं ते.

सेंटर पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण अडीच वर्षांत ती किती वेळा बंद होती याची गणतीच नाही. चालता न येणाऱ्या मुलांच्या सेंटरला हे शोभत नाही. सोळा किलोचं पोर कडेवर घेऊन, माझ्या गुडघ्यांनी, तेवीस पायऱ्या. तीनदा सांगितलं, दर वेळी "सोसायटीला कळवलंय" हेच उत्तर. दुसरं, बारा सेशनचे पैसे आगाऊ घेतात, एका सेशनचे ५०० रुपये, आणि त्याच दिवशी सकाळी मूल तापलं तरी ते सेशन बुडतं. गावाकडून येणाऱ्यांना ही अट जाचक आहे. तिसरं, मॅडम दोन महिने रजेवर होत्या तेव्हा आलेल्या मुलीला आमची वही वाचायला वेळच मिळाला नाही. तिने आठवडाभर नुसते पाय ताणले. तक्रार केल्यावर सुधारलं, पण तक्रार करावी लागली. वाचा-उपचार करणाऱ्या ताई फक्त गुरुवारी असतात, तो आमचा दिवस नाही. आणि बाहेर चारच खुर्च्या नि एक बाक, मुलाला दोन घास भरवायला जागा नाही.

पैशांची अडचण सगळ्यांनाच असते, म्हणून हेही सांगते. जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, असतं. लहान मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे मोफत असते. तिथे आधी जा, वेळ घालवू नका. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात बाहेरच्या थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. मुलाचे आई-वडील आयकर भरत असतील तर जुन्या करपद्धतीत घरातल्या दिव्यांग मुलासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००. या सगळ्याची माहिती मला इथल्या रिसेप्शनवरच्या मुलीने एका कागदावर लिहून दिली. तिचं काम नसताना. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्याने माझा प्रवासखर्च निम्म्यात भागतो, त्यामुळे आठवड्याला दोन फेऱ्या परवडतात.

सोहम आता चार वर्षांचा आहे. अंगणवाडीत जातो, माझ्याच जुन्या अंगणवाडीत. मदतनीस ताईंना मी कमरेला कसं धरायचं ते दाखवून आले आहे. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पोरं ओट्यावर भुईचक्र लावत होती. सोहम खाटेवरून उतरला, वॉकर ओढून घेतला आणि निघाला. सून उठायला लागली, मी तिचा हात धरून ठेवला. उंबऱ्याशी त्याचं मागचं चाक अडकलं. तो थांबला, मागे वळून चाकाकडे पाहिलं, कमरेतून एका बाजूला कलला, चाक सोडवलं आणि ओट्यावर गेला. त्याच्या पावलांनी अकराची किती झाली ते कुणी मोजलं नाही. बाहेर गेल्यावर पोरांना पहिलं वाक्य बोलला, "मला पण एक द्या."

नवीन येणाऱ्यांनी सकाळी दहा-साडेदहाची वेळ मागून घ्या. चारनंतर मुलं झोपेला आलेली असतात आणि गर्दीही असते. पोट भरून तासभर झालेला असावा. ढगळ चड्डी घाला, घट्ट पँट नको. पहिल्या दिवशी जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयची फिल्म सोबत ठेवा, आणि मुलाचं एक आवडतं खेळणं. आणि घरातलं जे माणूस मुलाला दिवसभर सांभाळतं, त्यालाच आत पाठवा, मग ती आजी असली तरी.